स्वमग्नता की संवेदनांची अडचण? : बालविकास विभागाचे मनोगत

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बालविकास विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या सभेत आमच्या विभागाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. वर्षभरात तपासलेल्या बालकांची संख्या आम्ही वाचून दाखवतो, टाळ्या होतात आणि आम्ही खाली बसतो. ह्या वर्षी अध्यक्षांनी आम्हांस अधिक वेळ दिला, त्याला निमित्त घडले ते एका देणगीचे. एका उदार कुटुंबाने आपल्या रुग्णालयास ‘सेन्सरी रूम’ उभारून देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. छताला टांगलेले झोपाळे, रंगीत चेंडूंनी भरलेला हौद, बदलत्या रंगांचे दिवे, भिंतीवर निरनिराळ्या स्पर्शांच्या पट्ट्या असा तो आराखडा आहे. ह्या खोलीमुळे आपल्या भागातील स्वमग्न मुलांना उपचारांसाठी हैदराबाद-पुण्याला जावे लागणार नाही, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे.

त्यांच्या भावनेबद्दल आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत. मात्र ते पत्र वाचताना आमच्या ध्यानात आले, की जो गोंधळ ह्या पत्रात आहे तोच पालकांच्या, शिक्षकांच्या आणि, प्रांजळपणे सांगावयाचे तर, आम्हा वैद्यकीय मंडळींच्याही मनात कित्येकदा असतो. आवाजाने कावरेबावरे होणारे, सदऱ्याची शिवण टोचते म्हणून रडणारे, स्वतःभोवती गरगर फिरणारे मूल दिसले, की त्याला स्वमग्न ठरवून लोक मोकळे होतात. उलटपक्षी, खरोखर स्वमग्न असलेल्या मुलाला ‘फक्त सेन्सरीचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते. दोन्ही चुका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांतील एक आम्ही स्वतः केली आहे; तिच्याविषयी पुढे बोलणारच आहोत. आज ज्या मुलांचा उल्लेख होईल, त्यांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील आम्ही बदलले आहेत.

लोहा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातला साडेचार वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला, तो ‘ऑटिझम’ असा शब्द लिहिलेला कागद घेऊनच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्याच्या वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून नेले होते. हलगी, भोंगे, उधळलेला भंडारा, जनावरांचा बाजार आणि माणसांची रेटारेटी ह्यांत तो असा काही किंचाळला, की खाली उतरवताच एका गाडीखाली जाऊन बसला आणि बाहेर काढणाऱ्या चुलत्याच्या हाताला कडकडून चावला. गावात नेहमीचे सर्व उपाय झाले. नंतर शहरातल्या एका दवाखान्यात दहा मिनिटांच्या भेटीत तो शब्द मिळाला. आजी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “लेकरू घरी गुणाचं हाय, पण चार माणसांत गेलं की ह्याच्या अंगात काय येतं कळंना.”

आमच्या खोलीत शिरताच त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. बाहेर पाण्याचा पंप चालू होता आणि वर पंखा कुरकुरत होता. आम्हांला त्या आवाजांची इतकी सवय झालेली, की ते आम्हांस ऐकूच येत नव्हते. पंप बंद करण्यास सांगितले, पंखा थांबवला, नळीचा दिवा मालवून खिडकी उघडली आणि कोणी काही न बोलता बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी त्याने कान सोडले. टोपलीतला बैल उचलून वडिलांपुढे धरला आणि वडिलांचे लक्ष बैलाकडे गेले की नाही, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून ताडून घेतले. मग रिकाम्या ताटलीत खोटी भाकरी थापली, आम्हांस एकेक दिली, आणि खाण्याचे सोंग करणाऱ्या आमच्या सहकारी भगिनीला हसत बजावले, “तिखट हाय.”

जे पाहावयाचे होते, त्यातील पुष्कळसे त्या एका वाक्यात होते. समोरच्या माणसाला काय वाटेल ह्याची कल्पना, खोट्याला खरे मानून खेळण्याची हौस, आपला आनंद दुसऱ्याला दाखवण्याची ओढ, हे सर्व त्या मुलापाशी भरपूर होते. अडचणही खरीच होती. वरण अंगाला लागले तर तो ओरडे, केस कापताना चौघांना धरावे लागे, सदऱ्याच्या मानेवरची चिठ्ठी कापल्याखेरीज तो सदरा घालीत नसे. तो दिवस भरण्याआधी, साडेसात महिन्यांचा जन्मला होता आणि पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत होता. अशा मुलांमध्ये संवेदनांच्या अडचणी अधिक आढळतात. त्याला स्वमग्नता नव्हती. कागदावरचा शब्द खोडून आम्ही तसे लिहिले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहण्याची तारीख त्याखाली टाकली.

आता ह्या दोन शब्दांविषयी थोडे शास्त्र सांगणे भाग आहे.

ज्ञानेंद्रिये पाच, असे आपण शाळेत शिकलो. त्यांच्या जोडीला आणखी दोन जाणिवा धराव्या लागतात. एक तोलाची, जिचे स्थान अंतःकर्णात आहे. दुसरी स्नायू व सांधे ह्यांतून मिळणारी, आपले हातपाय कोठे आहेत ह्याची. अंधारातही घास तोंडातच जातो, तो ह्या दुसऱ्या जाणिवेमुळे. ह्या सर्व वाटांनी येणारी वार्ता मेंदू निवडतो, बरीचशी सोडून देतो, उरलेल्याची सांगड घालतो. ही निवड काही मुलांत नीट होत नाही. एखाद्याला कुकरची शिट्टी घणासारखी लागते. एखाद्याला उलट इतके कमी जाणवते, की तो धडका मारत, उड्या मारत, वस्तू चावत ती उणीव भरून काढतो. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स ह्यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला आणि त्यावर आधारलेली उपचारपद्धतीही घडवली. झोपाळे आणि दाबाचे खेळ हे सारे त्या परंपरेतून आलेले आहे.

स्वमग्नतेचे वर्णन त्याआधीचे. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी लिहिले. त्यांच्या त्या पहिल्या लेखातच मोठ्या आवाजाला व फिरत्या यंत्रांना घाबरणाऱ्या मुलांची वर्णने आहेत. तरीही संवेदनांतील वेगळेपण हे स्वमग्नतेच्या निकषांत अधिकृतपणे समाविष्ट व्हावयास २०१३ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यातील रचना समजून घेण्याजोगी आहे. माणसामाणसांतील देवाणघेवाण, हावभावांची भाषा आणि नाती जोडणे ह्या तिन्ही बाबतींत अडचण असणे आवश्यक मानले आहे. त्याखेरीज वागण्यातील तोचतोपणाच्या चार प्रकारांपैकी किमान दोन असावे लागतात, आणि संवेदनांतील वेगळेपण हा त्या चारांतील एक आहे. म्हणजे संवेदनांची अडचण बहुतेक स्वमग्न मुलांत असते, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणी स्वमग्न ठरत नाही.

आपल्या देशातील मोजपट्टीनेही हेच दिसते, आणि ती मोजपट्टी आपल्याला भौगोलिकदृष्ट्याही जवळची आहे. नांदेडहून मुंबई दूर आणि सिकंदराबाद जवळ. आपली रेल्वेसुद्धा दक्षिण मध्य विभागातली. तेथील राष्ट्रीय संस्थेने २००९ साली स्वमग्नतेच्या मूल्यमापनाची भारतीय मोजपट्टी सिद्ध केली. तिच्यात सहा विभागांत मिळून ४० प्रश्न आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली आले तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ह्या ४० प्रश्नांपैकी संवेदनांविषयीचे ६ आहेत. आता आपणच बेरीज करून पाहा. एखाद्या मुलाला ह्या सहाही प्रश्नांत पूर्ण ५ गुण पडले, तर होतात ३०. बाकीच्या ३४ प्रश्नांत काहीच वावगे नसेल, तर प्रत्येकी १ प्रमाणे ३४. बेरीज ६४. संवेदनांची कितीही तीव्र अडचण असली, तरी तेवढ्याने हा उंबरठा ओलांडता येत नाही. ही बेरीज आम्ही प्रत्येक नव्या प्रशिक्षणार्थीकडून फळ्यावर करवून घेतो. मोजपट्टीचा आकडा हाच निवाडा मानू नये, हेही त्याच फळ्यावर लिहितो. कारण गुण देणारा माणूस असतो, आणि त्याची नजर चुकू शकते.

ती कशी चुकते, हे आम्ही लातूरला शिकलो. तेथील आमच्या फिरत्या तपासणीत तीन वर्षांची एक मुलगी आली होती. आई शिक्षिका, वडील व्यापारी, घर गंजगोलाईच्या परिसरात. मिक्सर सुरू झाला की मुलगी दुसऱ्या खोलीत पळे, पंख्याखाली उभी राहून तासन्‌तास त्याच्याकडे पाही, पायाच्या चवड्यांवर चाले. पण ती बोलत होती. शंभरपर्यंत इंग्रजी अंक, कित्येक बडबडगीते, दूरचित्रवाणीवरील जाहिराती तोंडपाठ. आमच्याकडे पाहून ती हसलीही. आम्ही लिहिले: संवेदनप्रक्रियेतील अडचणी, व्यवसायोपचार सुरू करावेत. झोका, उशांवरून उड्या, अंगाला दाब देण्याचे खेळ शिकवले. आई निघताना हसतमुख होत्या. येताना त्या रडत आल्या होत्या.

दीड वर्षाने त्या परत आल्या. मुलगी मिक्सरला आता घाबरत नव्हती. तेवढा गुण आला होता. परंतु बालवाडीत ती कोणाशी बोलत नव्हती. पाणी हवे असेल तर आईचा हात धरून माठापर्यंत नेई, जणू तो हात एखादे साधन असावे. तोंडाकडे पाहत नसे. ‘तुला काय पाहिजे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘तुला काय पाहिजे’ असेच येई. आम्ही जुना कागद काढला. तिला किती शब्द येतात, हे त्यावर नीट लिहिले होते. ते शब्द ती कशासाठी वापरते, हा रकानाच कोरा होता. आकाशातले विमान पाहून तिने कधी आईला ‘ते बघ’ अशा अर्थाने बोट दाखवले का, हा साधा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

आई म्हणाल्या, “मॅडम, मी त्या दिवशी रडत होते म्हणून तुम्ही तसं लिहिलं का?”

काही अंशी तसेच घडले होते, असे आम्ही त्यांना सांगितले. सौम्य शब्द हाताशी होता. तो त्यांनाही हवा होता आणि आम्हांसही. ह्या दीड वर्षात संवादाचे जे शिक्षण तिला मिळावयास हवे होते, ते मिळाले नाही, आणि ती वर्षे त्या शिक्षणासाठी सर्वांत अनुकूल होती. आज ती मुलगी शाळेत जाते. चित्रांच्या तक्त्याच्या साह्याने आपले म्हणणे सांगते. तिच्या आईने आम्हांस क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

त्या प्रसंगानंतर आमची तपासणीची रीत बदलली. पहिला नियम असा, की मूल गोंगाटात पाहिले असेल तर ते पाहिलेच नाही असे समजावे. कान झाकून भेदरलेले कोणतेही मूल डोळ्याला डोळा देत नाही, हाकेला ओ देत नाही, खेळत नाही. भीतीने मिटलेले मूल आणि स्वमग्न मूल तेवढ्यापुरते सारखेच दिसतात. तेव्हा आधी आवाज, उजेड व गर्दी कमी करावी आणि मग काय उरते ते पाहावे. शांततेत मूल माणसांकडे वळले, तर विचार एका दिशेने जातो. त्रासदायक असे काहीही भोवती नसताना, पोट भरलेले असताना, आईच्या मांडीवर असतानाही देवाणघेवाण तुटकच राहिली, तर दुसऱ्या दिशेने. एका भेटीत हे कळत नाही. आम्ही किमान दोनदा पाहतो, आणि घरचे चित्रण मागतो. हल्ली प्रत्येक घरात मोबाईल आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

पालकांना आम्ही जे विचारतो, ते सारे घरगुती असते. वर्षाचे झाल्यावर नावाने हाक मारली तर वळत होते का? दीड वर्षाच्या सुमारास काही आवडले तर केवळ दाखवण्यासाठी बोट करीत होते का? येथे आम्ही मुद्दाम अडतो, कारण ‘हवे म्हणून बोट करणे’ आणि ‘बघ म्हणून बोट करणे’ ह्यांत फार अंतर आहे, आणि पालक बहुधा पहिल्यालाच होकार देतात. बाबा कामावरून आले की दाराशी जाते का? पोळ्याला मातीचा बैल मिळाला तर त्याला चारा घालते, की त्याची चाके तेवढी फिरवीत बसते? पडल्यावर रडत कोणाकडे जाते? मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. शांत बसणारी, मोठ्यांची हुबेहूब नक्कल करणारी मुलगी आपल्या समाजात ‘शहाणी’ ठरते, आणि तपासणीस येतच नाही.

आणखी दोन गोष्टी ह्या भागातील म्हणून सांगावयास हव्यात. पहिली कानांची. आपल्याकडे मामा-भाची, आते-मामे भावंडे ह्यांची लग्ने अजूनही होतात, आणि अशा नात्यांतील अपत्यांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो. हाकेला न वळणारे मूल प्रथम कानांच्या यंत्रतपासणीस पाठवावे. टाळी वाजवून किंवा ताट आपटून पाहणे ही तपासणी नव्हे. कमी ऐकू येणारे मूलही हादऱ्याने वळते. कोणतेही नाव देण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे, आणि ती न होता आलेले कागद आम्ही किती पाहतो, हे सांगण्यास संकोच वाटतो.

दुसरी गोष्ट भाषेची. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शहरांत दखनी उर्दू, किनवट-मुखेडच्या तांड्यांवर गोरमाटी, आणि शाळेची मराठी. बंजारा कुटुंबातील एक मुलगा अंगणवाडीत बोलत नाही म्हणून आमच्याकडे आला. त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलणारी परिचारिका भेटताच तो थांबेना. घरात दोन भाषा असल्यामुळे स्वमग्नता येत नाही. घरची भाषा सोडून केवळ इंग्रजीत बोला, असा सल्ला कोणी दिला असेल, तर तो कृपया विसरावा. मोबाईलमुळे होणारा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हाही शब्द हल्ली फार ऐकू येतो. कोणत्याही मान्य वर्गीकरणात असे निदान नाही. लहान मुलांच्या हाती मोबाईल देऊ नये, हे खरेच. पण ‘मोबाईल काढून घेतला की बरे होईल’ म्हणून वाट पाहण्यात वर्ष घालवणे, हे त्याहून वाईट.

मग संवेदनांच्या अडचणीला स्वतंत्र आजार म्हणावे काय? येथे तज्ज्ञांत एकमत नाही, आणि ते आपल्यापुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. पाच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. मोठ्या, सर्वमान्य पुस्तिकांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ते स्वतंत्र निदान नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ सालीच सुचवले, की हे निदान साधारणतः लिहू नये. त्यामागे स्वमग्नता, अवधानाची कमतरता, चिंता किंवा विकासातील अन्य अडचण दडलेली नाही ना, हे पाहावे. आमचे मत असे, की अडचण खरी आहे, मुलाचा त्रास खरा आहे, परंतु ह्या शब्दाजवळ शोध थांबवू नये. २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांचे देशातील पाच ठिकाणी केलेले एक सर्वेक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले. उत्तर गोवा त्यांतील एक ठिकाण. मराठवाडा त्यांत नव्हता. मज्जाविकासाशी संबंधित अडचणी असलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक पंचमांश मुलांत एकाहून अधिक अडचणी एकत्र होत्या. ‘हे की ते’ असा प्रश्न पालक विचारतात. कित्येकदा उत्तर ‘हेही आणि तेही’ असे असते.

उपचारांबाबत आता देणगीच्या प्रश्नाकडे येतो. झोपाळ्यांचा काहीच उपयोग नाही, असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाची रोजची अडचण संवेदनांची आहे, त्याला केस कापणे, जेवणे, बसमध्ये बसणे हे सुसह्य करण्यासाठी कुशल व्यवसायोपचारतज्ज्ञ फार मोलाची मदत करतो. परंतु ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नेहमीच्या सेवेच्या तुलनेत ह्या उपचारपद्धतीचा अधिक लाभ दिसून आला नाही. स्वमग्न मुलाला मुख्यतः शिकवावा लागतो तो संवाद. शब्दांचा, खुणांचा, चित्रांचा, जमेल त्या मार्गाने. तो आईवडिलांना शिकवून घरी, अंगणात, शेतात करावा लागतो. आठवड्यातून एकदा चेंडूंच्या हौदात बसून तो येत नाही.

नावाचा संबंध हक्कांशीही आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे. संवेदनांची अडचण त्या यादीत नाही. म्हणून आमच्याकडे दोन प्रकारचे आग्रह होतात. कोणी म्हणतो, प्रमाणपत्र मिळेल असे लिहा; कोणी म्हणतो, काहीही लिहा, पण तो शब्द लिहू नका, पुढे धाकट्या बहिणीचे लग्न आहे. लातूरमध्ये आणखी एक प्रश्न ठरलेला: “दहावीपर्यंत नीट होईल ना?” तीन वर्षांच्या मुलाविषयी दहावीची चिंता करणारे शहर दुसरे नसावे. ह्या कोणत्याही आग्रहाने कागदावरचे नाव बदलत नाही, हे आम्ही नम्रपणे सांगतो. मदत मात्र नावासाठी थांबवीत नाही. संवादाचा सराव आणि शांत वातावरण ह्यांनी कोणत्याही मुलाचे नुकसान होत नसते. ते पहिल्या भेटीपासूनच सुरू करता येते.

आणि जी मुले आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांचे काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, अशी योजना आहे. पण मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट ह्या भागांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पथक येते तेव्हा मूल फडावर असते. दुसऱ्या भेटीला न आलेल्या पालकांना आम्ही पूर्वी ‘निष्काळजी’ म्हणत असू. पुढे चौकशी केली, तेव्हा कळले की एका भेटीसाठी दोघांची दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे असा खर्च होतो, आणि तो दोनदा करणे त्यांना शक्य नसते.

ह्यास्तव देणगीदार कुटुंबाची आम्ही भेट घेतली आणि आराखडा बदलण्याची विनंती केली. त्यांनी सर्व ऐकून घेतले, काही प्रश्न विचारले, आणि मोठ्या मनाने संमती दिली. चेंडूंचा हौद व रंगीत दिवे रद्द झाले आहेत. एक झोपाळा राहील. उरलेल्या रकमेतून तीन गोष्टी होतील: नवजात व लहान बालकांच्या श्रवणतपासणीचे यंत्र, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे दोन वर्षांचे मानधन, ज्यांनी आठवड्यातील दोन दिवस लातूर जिल्ह्यात बसावयाचे आहे, आणि दुसऱ्या भेटीस येणाऱ्या पालकांचे प्रवासभाडे. खोली होईलच, पण ती साधी असेल. जाड भिंती, बिनआवाजाचा पंखा, खिडकीला पडदा, जमिनीवर सतरंजी. तिच्या दारावर कोणत्याही आजाराचे नाव लिहिले जाणार नाही, अशी आमची अट होती. देणगीदारांनी त्यात भर घातली, की त्यांचेही नाव लिहू नये.

लोहा तालुक्यातल्या त्या मुलाविषयी काही जणांनी मघाशी विचारले. सहा महिन्यांनी आणि वर्षाने आम्ही त्याला पुन्हा पाहिले. मत बदलण्याचे कारण घडले नाही. मागच्या मार्गशीर्षात तो परत माळेगावला जाऊन आला. वडिलांनी त्याला उजाडता उजाडता नेले, वाजंत्री सुरू होण्याआधी, कानाला मफलर बांधून. घोड्यांच्या बाजारापर्यंत गेले आणि गर्दी वाढताच परतले. नंतरच्या भेटीत त्याने आम्हांस पांढऱ्या घोड्याविषयी पुष्कळ सांगितले.

पालकांचे प्रश्न आम्ही चहापानानंतर बाह्यरुग्ण विभागातील शेवटच्या खोलीत घेऊ. सोबत मुले असतील त्यांनी कृपया मागील दाराने यावे; पुढच्या व्हरांड्यात आज जनरेटर चालू आहे.